वहीत नुसतं ‘छान’

तो: आणि हा आत्ता घातलेला काचेचा व्हॉल्व्ह. पंधरा मिनिटं तापू दिलाय. आता बोल, उघडला की नाही आवाज?

ती: छान.

तो: छान ना? मलाही तेच वाटलं. आधीचा म्हणजे डोक्यावरून रजई घेऊन व्हायोलिन वाजवल्यासारखा होता.

ती: हं.

तो: नुसतं हं काय? मशीन थांबव की मिनिटभर.

ती: थांबवलं तर बावीस कॉलरी कोण शिवून उलटणार? शाळा उघडायच्या आत गणवेश द्यायचेत. तुम्ही बोला, मी ऐकतेय.

तो: पाचला व्हायोलिनच्या बाई यायच्यात. या खेपेला त्यांनी हा अँप्लिफायर परत आणून टाकला ना, तर मी दुकानाची पाटी उतरवणार. सांगून ठेवतो.

ती: उगाच काहीतरी बोलू नका.

तो: उगाच? तीन महिन्यांत दोनदा परत आलाय. चिठ्ठी वाचलीस ना? ‘दादा, व्हायोलिन टोचतंय.’ टोचतंय म्हणे! पस्तीस वर्षं झाली, माझ्या हातून गेलेला आवाज कुणाला टोचला नव्हता. तिकडे घड्याळजी त्याच्या अँप्लिफायरबद्दल तेच म्हणतो. वाचनालयवाले तेच म्हणतात. तिघांचे कान एकदम बिघडले?

ती: तिघांचे एकदम कसे बिघडतील?

तो: तेच म्हणतोय मी! म्हणजे मालच वाईट येतोय. हल्ली कुठलाही व्हॉल्व्ह घाला, आवाज कोंदट. म्हणून तर शोधून शोधून लखलखीत आवाजाचे घालतो. तरी यांना टोचतंच. माणसाने करावं तरी काय?

ती: चहा ठेवू?

तो: चहा नको. वही दे. तुझ्या कात्र्यांच्या खणात आहे बघ.

ती: वही कशाला आता?

तो: बाईंचा अँप्लिफायर पहिल्यांदा दिला तेव्हा काय घातलं होतं ते बघतो. तेव्हा किती खूश होत्या, आठवतं? दोन विद्यार्थिनींना घेऊन आल्या होत्या, नुसतं ऐकवायला.

ती: राहू दे हो ती वही. घाला आहे तेच, आणि द्या बाईंना.

तो: अगं, असं कसं? सरक जरा. ही घे, मिळाली. चष्मा… हां. बघ, काय काय लिहून ठेवलंय मी! ‘आत लांब पत्रा असलेला व्हॉल्व्ह, पुढचा डावा. ती म्हणाली, अस्तर नाही.’

ती: नव्हतंच.

तो: नव्हतंच! खालचा आवाज पार पोकळ होता. ‘हिरव्या डब्यातला. ती म्हणाली, खळ जास्त झालीय, वाळला की एकटा उभा राहील.’

ती: तुम्ही केवढे हसला होतात तेव्हा.

तो: हसू नको तर काय करू? मी म्हणायचो, वरचे सूर कसे, खालचे सूर कसे ते सांग. आणि तू थेट कापडाच्या दुकानात शिरायचीस.

ती: मला तेवढंच येतं.

तो: पण एकदाही चुकली नाहीस बरं. ‘राखाडी पत्र्याचा. मलमल, पण घडीची रेघ राहिलीय.’ काय बोललीस गं! मी दोन दिवस शोधत होतो ती रेघ. शेवटी सॉकेटची एक पिन मळलेली निघाली. साफ केली आणि रेघ गेली.

ती: पुरे आता. बाई येतील.

तो: थांब, हे मिळालं. ‘बाई. छोटे दोन, जुन्या साठ्यातले. ती म्हणाली, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती, पण कुठे विरलेलं नाही.’ हेच! हेच घातले होते.

ती: मग तेच घाला परत.

तो: ते गेल्या वर्षी मी काढून ठेवले ना. दमले होते.

ती: मीटरवर लावून बघितले होतेत?

तो: मीटर म्हणत होता ठणठणीत आहेत. मी म्हटलं, मीटरला काय कळतंय? मला तर साफ मंद वाटत होते. तू पण तर… थांब. तू काय म्हणाली होतीस तेव्हा? लिहिलं असेलच.

ती: अहो, ते पान पुढचंय. तिकडे कशाला जाताय?

तो: बघू दे. ‘बाई. जुने काढले, नवे घातले. ती म्हणाली, छान.’ वाचनालय. ‘ती म्हणाली, छान.’ घड्याळजी, दुसरी खेप. ‘छान.’ हे पान सगळं… छान, छान, छान. पुढचं पण छानच.

ती: असेल छान.

तो: मशीन थांबव.

ती: थांबवलं.

तो: पस्तीस वर्षांत तू मला ‘छान’ कधी म्हणालीस? माझ्याशी लग्न करून कसं वाटलं, असं तुझ्या भावाने विचारलं होतं, तर म्हणालीस ‘बाह्यांत जरा घट्ट आहे’.

ती: तेव्हा होतंच.

तो: मग हे काय आहे? वर्षभर नुसतं छान?

ती: सांगितलं तर रागवाल.

तो: न सांगितलंस तर जास्त रागवेन.

ती: टाचणी होती.

तो: कशात?

ती: सगळ्यांत. वर्षभर तुम्ही जे जे म्हणून घातलंत ना, त्या सगळ्यांत. अंगात घातलेल्या कपड्यात टाचणी राहून जाते तशी. हलल्याबरोबर टोचते.

तो: आणि तू छान म्हणालीस.

ती: पहिल्यांदा नव्हते म्हणाले. घड्याळजींचा अँप्लिफायर आठवा. तुम्ही नवे व्हॉल्व्ह घातलेत, विचारलंत, मी सरळ सांगितलं, टाचणी आहे. तुम्ही दुसरे घातलेत. मी म्हटलं, अजून टोचतंय. तिसरे घातलेत, ते आणखी टोचरे. दिवसभर तेच. आठ वेळा बदललेत, वही उघडायचंही सुचलं नाही. जेवायला उठला नाहीत. तुमचा चेहरा एवढुसा झाला होता. नवव्या वेळी विचारलंत तेव्हा माझ्या तोंडून निघालं, छान.

तो: आणि मी जेवलो.

ती: दोनदा वाढून घेतलंत. शीळ घालत शटर ओढलंत. मग दुसऱ्या वेळीही मी… मला वाटलं, एवढंसं ते काय.

तो: पण मला का ऐकू आली नाही टाचणी? मी इथेच उभा होतो. तुझ्यापेक्षा जवळ!

ती: अहो, माझी मशीन गेल्या चार महिन्यांपासून चिरकतेय.

तो: कुठली मशीन?

ती: ही. शिवणाची. आधी कशी नुसती चिर्र झाली की तुम्ही पुढच्या खोलीतून तेलाची कुपी घेऊन यायचात. मला हाकही मारावी लागायची नाही. चार महिने झाले, तुम्ही आला नाहीत. मुद्दाम नाही घातलं मी तेल. म्हटलं, बघू येतात का.

तो: फिरव चाक.

ती: फिरवतेच आहे.

(तिच्या हाताखाली चाक थोडं पुढे, थोडं मागे जात राहतं, आणि तो मशीनवर वाकून, श्वास रोखून, काही म्हणजे काही ऐकू न येणाऱ्या त्या लोखंडाकडे बघत राहतो.)

तो: आत्ता चिरकतेय?

ती: हो.

तो: जोरात?

ती: चांगली जोरात.

तो: म्हणजे माल चांगला होता. मीच.

ती: वरचं तेवढं गेलंय हो तुमचं. खालचं अजून ऐकता तुम्ही. काल गल्लीच्या तोंडाशी ट्रक आला तर माझ्याआधी तुम्हीच म्हणालात ना?

तो: ट्रक ऐकणाऱ्याला कोणी व्हायोलिन देत नाही दुरुस्तीला. वर्षभर मी लोकांच्या अँप्लिफायरमध्ये माझ्या बहिरेपणाच्या मापाचे व्हॉल्व्ह घालत होतो. मला ऐकू येईपर्यंत आवाज वर चढवायचा, आणि तो त्यांच्या कानात घुसायचा. आणि तू…

ती: माझं चुकलं.

तो: मी आंधळा झालो असतो आणि भिंतीवर जाऊन आदळत असतो, तर तेव्हाही म्हणाली असतीस का, छान चाललाय म्हणून?

ती: चुकलं म्हटलं ना. तुमची मान खाली गेलेली मला बघवत नाही. त्याला मी काय करू?

तो: मला कान गेल्याचं इतकं नाही वाटत. वय झालंय. पण मी सगळ्यांना छाती ठोकून सांगत आलो, माझ्या घरी एक माणूस आहे, तिला फसवता येत नाही. तिचं कापड एकदा ऐकलं की मला मीटर लागत नाही.

ती: रागावलात.

तो: रागावलोच आहे. चहा ठेव.

बाई: दादा, आहात का? वहिनी? मी जरा लवकरच आले. सोमवारी माझी शिकवणी नसते, म्हटलं, चला, आपणच जाऊन बघावं.

ती: या या, बाई. बसा. तो स्टूल नको, हलतो तो. इकडे खुर्चीवर या.

बाई: झालं का माझं काम? ऐका हं, मी आधीच सांगते, भांडायला नाही आलेय. पण टोचतंय, दादा. खरंच टोचतंय, दर खेपेला जास्तच. माझ्या एका विद्यार्थिनीला दोन महिने मी ओरडतेय. तिचं वाजवलेलं घरी तुमच्या अँप्लिफायरवर लावून ऐकते आणि दुसऱ्या दिवशी तिला झापते, गज दाबू नकोस, गज दाबू नकोस. परवा ती रडली. म्हणाली, बाई, मी गज नुसता ठेवते हो तारेवर, याहून हलका कसा ठेवू?

तो: अरे देवा.

बाई: मग मी तिला समोर वाजवायला लावलं. तर सुरेख! कुठे काही टोचेना. आता सांगा, मी काय समजू?

ती: बाई, त्याचं काय झालं, गेल्या वर्षापासून मालच जरा खराब येतोय. नवे व्हॉल्व्ह पूर्वीसारखे राहिले नाहीत. यांनी तरी डोळ्यांत तेल घालून निवडले, पण…

तो: अगं, थांब.

ती: मी सांगतेय ना त्यांना.

तो: नको सांगूस. बाई, माल चांगला होता. माझं वरचं ऐकणं गेलंय. मला आत्ता, तुम्ही यायच्या दहा मिनिटं आधी कळलं. वर्षभर मी ऐकू न येणारा आवाज निवडत होतो. तुमच्या त्या मुलीला माझ्यामुळे बोलणी बसली.

बाई: बोलणी तर मी घातली.

तो: तुम्हाला दुसरीकडे न्यायचा असेल तर न्या. मी खोक्यात घालून देतो. राग येणार नाही मला.

बाई: दादा, दोन महिने मी रात्री कापूस घालून झोपतेय कानात. मला वाटलं, माझेच कान आजारी पडले. डॉक्टरांची वेळसुद्धा घेतलीय परवाची. आणि तुम्ही म्हणताय, तुमचे गेलेत?

तो: माझे.

बाई: मग माझा जीव भांड्यात पडला हो! म्हणजे, तुमच्यासाठी वाईट वाटतं, पण… हसू का येतंय मला?

ती: हसा, बाई, हसा. निदान कुणाचे तरी शाबूत आहेत.

बाई: दुसरीकडे कुठे नेऊ? आता पुढे काय करायचं ते सांगा.

तो: बसा मग. व्हॉल्व्ह गार व्हायला दहा मिनिटं लागतील. बंद केलाय मी. हात नका लावू, भाजेल. हे बघा, मागे चार मोठे आहेत आणि पुढे हे दोन छोटे. मोठे देतात ताकद, छोटे देतात स्वभाव. तुमचा स्वभाव मी बिघडवला.

बाई: माझाच म्हणा. माझी सगळी शिकवणी म्हणतेय, बाई हल्ली खेकसतात.

तो: ती निळ्या फ्लॅनेलची पिशवी दे गं. वरच्या फळीवर, डावीकडे.

बाई: किती गोड पिशव्या! वहिनींनी शिवल्या?

ती: कातरणातून हो. काच आहे ना, एकमेकांवर आपटतात.

तो: हेच ते जुने. वर्षभर बेकार पडून आहेत बिचारे. पण लगेच हे नाही घालायचे. बाई, आपण नीट करू. मी एकेक जोडी घालतो, कुठली ते सांगत नाही. अगं, तू भिंतीकडे तोंड करून बस, पूर्वीसारखी. आणि जे असेल ते बोल. मान खाली गेली तर माझी जाईल, तुझं काय जातंय?

ती: बोलेन.

तो: छान म्हणालीस तर बघ.

बाई: माझ्या मोबाइलवर त्या मुलीचंच वाजवलेलं आहे. ते लावा.

तो: पहिली जोडी. तापलीय. बोल.

ती: बोलू?

तो: बोल म्हटलं ना.

ती: टाचणी. कॉलरीतच.

बाई: अगदी! अगदी तिथेच! वहिनी, तुम्हाला हे शब्द सुचतात कुठून?

तो: काढली. आता दुसरी. … हं. बोल.

ती: टाचणी नाही, पण अंगावर घातलं की पाठ उघडी पडेल. अस्तरच नाही.

बाई: बरोबर, खालची तार पातळ झालीय. एक मिनिट, मी हे लिहून घेते. मला मुलांना शिकवताना कामाला येईल.

तो: वहीत मी लिहितोय. आता तिसरी. … हं, तापली.

बाई: थांबा, थांबा. हे… वहिनी?

ती: मऊ झालंय. धुऊन धुऊन. पण विरलेलं कुठेच नाही. हे चाललं असतं हो आधीपासून. हेच होतं ना?

तो: काही सांगणार नाही. टाचणी?

ती: निघाली.

बाई: गेली, दादा. गज नुसता ठेवलाय तिने तारेवर. ऐका, किती हलका ठेवलाय. आणि मी तिला… उद्या आधी तिची माफी मागते.

तो: मला काही फरक वाटत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्यात थोडा, खाली. वर काहीच नाही. पण गप्प बसा जरा दोघी.

ती: का? काय झालं?

तो: घूं ऐकू येतंय.

बाई: मला नाही येत.

ती: मलाही नाही.

तो: येतंय. उजवीकडे. अगदी खाली, पाण्याच्या टाकीला कान लावल्यासारखं. बाई, घरी शांत खोलीत आठ दिवसांनी तुम्हाला जाणवलं असतं, आणि मग चिठ्ठी आली असती, ‘दादा, घुमतंय.’ ही वायर आहे बघा, ट्रान्सफॉर्मरला खेटलीय. बंद करून वीज उतरू देतो, मग वळवतो… … झालं. आता लावा. गेलं.

बाई: मला आधीही ऐकू नव्हतं आलं आणि आताही नाही.

ती: त्यांना आलं ना. मग होतं.

बाई: म्हणजे वरचं वहिनी ऐकणार आणि खालचं दादा. मी उद्या माणूस पाठवते न्यायला. आणि डॉक्टरांची परवाची वेळ आहे माझी, ती तुम्ही घेता का, दादा? मला आता नको.

तो: घेतो. बघू, किती उरलेत ते तरी कळेल.

बाई: येते. वहिनी, ‘पाठ उघडी पडेल’ मी वापरणार हं, तुमचं नाव सांगून. नको नको, बाहेर येऊ नका, मी जाते.

ती: गेल्या. भल्या आहेत हो.

तो: उद्या घड्याळजीकडे जायचं. परवा डॉक्टर. तेरवा वाचनालय. या दोघांनाही सांगायचं, आणि तिथल्या तिथे व्हॉल्व्ह बदलून द्यायचे.

ती: मीही येऊ?

तो: तूच जायचंय. मी पिशव्या धरायला येतो.

ती: आणि कॉलरी?

तो: मी उलटतो. काठी घालून उलटायच्या ना? येतं मला.

ती: तुम्ही? टोकं फाडून ठेवाल. … वहीत लिहिलंत का?

तो: लिहितोय. ‘बाई. जुने परत घातले. ती म्हणाली, टाचणी निघाली. मला फरक कळला नाही. ती म्हणते म्हणून लिहिलं.’

ती: एवढं सगळं लिहायची गरज होती?

तो: होती. आणि मागची ती छानची पानं आहेत ना, त्यांतलं एकेक आठवून मला सांगायचं. खरं काय होतं ते. रोज एक पान. सुटका नाही तुझी.

ती: सांगेन. राग गेला का?

तो: अर्धा गेला. बाकीचा वाचनालयाच्या पानापर्यंत पुरवीन म्हणतो.

ती: पुरवा. मी आता बसते हो कॉलरींना. … आणि हे काय? कुपी घेऊन कुठे निघालात?

तो: सरक जरा. झाकण उघड मशीनचं.

ती: ऐकू आलं तुम्हाला? खरंच आलं?

तो: नाही गं. आज सोमवार आहे. आता दर सोमवारी घालत जाईन.